घर पाहावे चालवून



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी विद्वानांनी बोलावे आणि गावाने ऐकावे असा आपल्याकडे रिवाज पडला आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शालेय शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकड्यावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या दिव्याखाली. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या पट्ट्यात आम्ही तीस-पस्तीस वर्षे युनियनचे काम केले. त्यामुळे व्याख्यानमालेच्या चालकांना वाटले असेल की, हा गृहस्थ संपावर बोलेल, फार तर बोनसवर बोलेल. आम्ही घरांवर बोलणार असे कळवले तेव्हा त्यांना थोडे नवल वाटले. आज त्याचाच खुलासा करावयाचा आहे.

पगारवाढीचे करार आम्ही पुष्कळ केले. परंतु कामगाराच्या संसाराचे बरेवाईट पगाराच्या पाकिटावर जितके ठरते, तितकेच ते पाकीट घेऊन तो कोणत्या घरी जातो यावरही ठरते, हे आम्हांला उशिरा कळले. त्याहून उशिरा कळलेली गोष्ट अशी की, घर मिळाले म्हणजे घराचा प्रश्न सुटला असे नव्हे.

‘घर पाहावे बांधून’ ही आपली म्हण. म्हण करणाराने बांधण्यापाशीच हात टेकले, आणि त्याच्या काळी ते बरोबरही होते. खेड्यातले घर एका कुटुंबाचे. जमीन घरच्या बायकांनी सारवायची, पावसाळ्याच्या तोंडी घरच्या पुरुषाने शाकारणी करायची. कौल फुटले तर गळायचे त्याच्याच डोक्यावर. सबब तो आपणहून शिडी लावायचा. पण सात मजल्यांवर शहाण्णव कुटुंबे एका छपराखाली राहू लागली, म्हणजे शिडी कोणी लावायची? सातव्या मजल्यावरचा म्हणतो, गच्ची सगळ्यांची. पहिल्या मजल्यावरचा म्हणतो, मला गच्चीशी काय करायचे आहे? आणि पाणी झिरपत राहते.

ही शिडी लावणारा माणूस शिकवून तयार करावा लागतो, त्याला रीतसर वेतन द्यावे लागते, आणि आपल्या मुलामुलींनी हे काम आयुष्याचा व्यवसाय म्हणून पत्करावे इतके ते मोलाचे आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम मागे वळून पाहू. या शहराला गरिबांसाठी घरे बांधण्याचा अनुभव नाही असे कोणी म्हणू नये. १८९६ साली प्लेग आला आणि त्याच्या धास्तीने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत निघाला. त्यांपैकी जेमतेम सोळा हजार उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि आज ज्याला ना. म. जोशी मार्ग म्हणतात तो डिलाईल रोड, येथील बी. डी. डी. चाळी त्या याच. खोली १६० चौरस फुटांची. गंमत अशी की, शहरात माणसे रस्त्यावर झोपत असताना यांतल्या कितीतरी खोल्या सुरुवातीची वर्षे रिकाम्या पडून होत्या. भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेरचे, आणि सिमेंटच्या त्या खोल्यांत उजेडवाऱ्याची आबाळ. बांधणाऱ्याने राहणाऱ्याला विचारलेच नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ आले. १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित गृहयोजना काढली. मुलुंड-बोरिवलीपर्यंतची उपनगरे १९५७ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आली. विक्रोळीचे कन्नमवार नगर, घाटकोपरचे पंतनगर, अंधेरीचे डी. एन. नगर या वसाहतींनी कामगार आणि कारकून यांच्या दोन पिढ्या वाढवल्या. १९७७ साली मंडळाच्या जागी म्हाडा आली. १९७१ साली झोपडपट्टी सुधारणेचा कायदा झाला आणि १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. बिल्डरने मोकळ्या जागेवर विक्रीच्या इमारती बांधाव्यात आणि त्या नफ्यातून झोपडीवासीयांना फुकट खोली द्यावी, अशी ही योजना. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या उंच मनोऱ्यांत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत जाणाऱ्या त्या कुटुंबांचा आनंद आम्ही समजू शकतो. परंतु किल्ली हातात पडली त्याच्या दुसऱ्या दिवसाचा विचार आमच्या मनातून जात नाही. याला कारण आहे, आणि ते आमच्या स्वतःच्या चुकीचे आहे.

भांडुपच्या डोंगरउतारावर आमच्या कारखान्यातील बरेच कामगार राहत. कारखाना २००१ साली बंद पडला. येणे रक्कम मिळवण्यासाठी आम्ही चार वर्षे भांडलो, आणि त्याच काळात वस्तीची पुनर्वसन योजना मंजूर झाली. नोकरी गेली, निदान छप्पर तरी पक्के होऊ द्या, या हट्टाने आम्ही त्या योजनेत उतरलो. संमतीपत्रे गोळा केली, पात्रतेचे पुरावे जुळवले, संक्रमण शिबिराचे भाडे थकले तेव्हा मोर्चे काढले. २००७ साली सात मजली इमारत उभी राहिली. शहाण्णव खोल्या, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची. किल्ल्या वाटण्याचा समारंभ झाला, आम्हांला हार पडला, आणि आम्ही भाषणात म्हणालो, “आता या घरासाठी तुम्हांला एक पैसाही भरावा लागणार नाही.”

टाळ्या फार झाल्या. ते वाक्य आज आठवले की आमची मान खाली जाते.

कारण हिशेब तेव्हाही कागदावर होता. आम्ही तो केला नाही. त्या वेळच्या नियमाप्रमाणे विकासकाने दर खोलीमागे २०,००० रुपये देखभालीची ठेव म्हणून भरायचे होते. शहाण्णव खोल्यांचे झाले १९ लाख २० हजार. सहा टक्के व्याज धरा. वर्षाला १ लाख १५ हजार २०० रुपये, म्हणजे महिन्याला ९,६००. दर खोलीमागे शंभर रुपये! या ९,६०० रुपयांत जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप, लिफ्टची वीज, लिफ्टच्या देखभालीचा करार, सफाई कामगाराचा पगार आणि टाक्यांची सफाई हे सगळे बसवायचे. सफाई कामगार आणि पंपाचे वीजबिल यांतच ते संपतात. डोंगरावरच्या झोपडीला पंप नव्हता, लिफ्ट नव्हती. गरिबी तीच राहिली आणि घराचा खर्च श्रीमंताचा झाला. वेतनाच्या वाटाघाटीत पैपैचा हिशेब मांडणारे आम्ही येथे मात्र हारतुऱ्यांत रमलो.

पुढे व्हायचे ते झाले. दोन वर्षांत पंप जळू लागला. “एक पैसाही भरायचा नाही असे तुम्हीच सांगितले होते,” असे म्हणून लोक वर्गणी नाकारू लागले, आणि त्यांचे काय चुकले? २०१० साली लिफ्ट बंद पडली ती पडलीच. कमिटीतले पाच जण परस्परांवर चोरीचे आरोप करू लागले. खरी गोष्ट अशी की, चोरी कोणीच केली नव्हती. कोणाला हिशेब ठेवता येत नव्हता. चार वर्षांचे लेखापरीक्षण झालेले नव्हते. त्यामुळे ठेवीचे जे काही व्याज पदरात पडायचे, तेही मागायला जाण्याची सोय राहिली नाही.

सहाव्या मजल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची पत्नी राहत असे. नवरा कारखाना बंद झाल्यावर तिसऱ्या वर्षी गेला. वहिनींचे गुडघे कामातून गेलेले. लिफ्ट थांबली तसे त्यांचे खाली येणे थांबले. दवाखान्यात न्यायचे तर खुर्चीत बसवून चौघांनी उतरवायचे. दोन वर्षे त्यांनी सोसले. मग कायद्याने दहा वर्षे विकता न येणारी खोली त्यांनी मुखत्यारपत्रावर दुसऱ्याच्या हवाली केली आणि मुलाबरोबर नालासोपाऱ्याला तळमजल्यावर राहायला गेल्या. अशा अठरा खोल्या त्या इमारतीतून गेल्या. त्यावर काही सुशिक्षित मंडळी म्हणाली, “पाहिलेत? यांना फुकट घरे द्या, हे विकून मोकळे होतात.” आम्हांला त्या वेळी ओरडून सांगावेसे वाटले की, वहिनींनी घर विकले नाही हो, बंद लिफ्टने त्यांना घराबाहेर काढले.

ही एकाच इमारतीची कहाणी असती तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि सतरा माणसे गेली. ती काही पुनर्वसनाची इमारत नव्हती. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत खांबांना हात लावला गेला, असा आरोप पुढे झाला. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेच्या एका सात मजली पुनर्वसन इमारतीत आग लागली. तळमजल्यावर वाहने उभी आणि जुन्या कपड्यांचे ढीग रचलेले. धूर जिन्याने वर चढला, किमान सात जीव गेले. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि दर जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. तुमच्या इमारतीचा दाखला गेल्या जानेवारीत कोणी दिला, हे येथे बसलेल्यांपैकी कितीजणांना ठाऊक आहे? आम्ही हात वर करायला सांगत नाही. प्रत्येकाने घरी जाऊन चौकशी करावी.

एक तिसरे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. मानखुर्द-गोवंडीकडच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींची पाहणी डॉक्टरांच्या एका संस्थेने केली आणि २०१८ साली तिचे निष्कर्ष पुढे आले. इमारती इतक्या खेटून बांधलेल्या की, खालच्या मजल्यांत ऊन शिरत नाही. उजेडवारा कमी तेथे क्षयाचा धोका अधिक, असे त्यांना दिसले. येथे कोणी कितीही झाडलोट केली तरी काय उपयोग? तेव्हा घर चालवणारा माणूस किल्ल्या वाटल्यानंतर बोलावून भागणार नाही. नकाशा टेबलावर असतो तेव्हाच त्याने तेथे असावे आणि विचारावे, “या खिडकीतून ऊन किती वाजता येणार? लिफ्टचे वीजबिल कोण भरणार?”

आता कोणी म्हणेल, असे काम करणारी माणसे कोठे असतात का? असतात, आणि दीडशे वर्षांपासून आहेत. १८६५ साली लंडनच्या मेरिलबोन भागात ऑक्टेव्हिया हिल नावाच्या तरुण बाईंनी मोडकळीला आलेली तीन घरे चालवायला घेतली. पैसे जॉन रस्किन यांनी गुंतवले होते. बाई दर आठवड्याला स्वतः भाडे गोळा करायला जात. भाडे थकू देत नसत आणि दुरुस्तीही थकू देत नसत. दुरुस्तीसाठी बाजूला काढलेल्या रकमेतून काही शिल्लक उरली तर ती कशावर खर्चावी, हे भाडेकरूंना ठरवू देत. सरकारने गरिबांची घरे बांधू नयेत असे त्यांचे मत होते, आणि ते आम्हांला मुळीच मान्य नाही. पण घर चालवणे ही विद्या आहे, ती शिकवता येते, हे त्यांनी सिद्ध केले. त्यांच्या हाताखाली पुष्कळ स्त्रिया तयार झाल्या आणि पुढे इंग्लंडात तो एक मान्यताप्राप्त पेशा बनला. सिंगापुरात १९६० साली गृहनिर्माण मंडळ निघाले. पण बांधून झालेल्या वसाहतींच्या आवाराची व लिफ्टची व्यवस्था पाहण्यासाठी १९८८ साली निराळा कायदा करून नगरसमित्या नेमल्या. बांधणारा वेगळा, चालवणारा वेगळा, आणि चालवण्याची वर्गणी दरमहा ठरलेली.

आणि परदेशातच कशाला जायचे? १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. मध्यमवर्गीयांची का होईना, पण सभासदांनी मिळून घरे बांधायची आणि मिळून चालवायची, हा धडा मुंबईने तेव्हाच गिरवला होता. उपनगरांतले उदाहरण गोरेगावचे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली जी जादा जमीन सरकारकडे यायला हवी होती ती गरजूंच्या घरांना द्या, असा आग्रह धरून मृणालताई गोरे आणि बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषद उभी केली. न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या आणि दिंडोशीला सहा हजारांहून अधिक घरे उभी केली. तो कायदाच महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला, हा भाग वेगळा. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, तेथे माणसे आधी संघटित झाली आणि भिंती मागाहून आल्या. तीच गोष्ट १९८५ पासून जागतिक बँकेच्या साह्याने झालेल्या चारकोप-गोराईच्या भूखंड योजनेची. लहान लहान भूखंड, मध्ये चौक, त्याभोवतीच्या कुटुंबांची एक सोसायटी. आणि ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे घर चढवत न्यावे. शेजारी कोण आणि सामाईक खर्च कोणता, हे तेथे पहिल्या दिवसापासून लोकांना दिसत होते. आमच्या भांडुपच्या इमारतीत ते कोणी दाखवलेच नाही.

ते दाखवणारी मुलगी अखेर आमच्यातच निघाली. आमच्या फाटक-कमिटीतल्या एका कामगाराची ती लेक. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती फोनवर कर्जे विकण्याची नोकरी करीत होती. २०१४ साली ती युनियनच्या कचेरीत आली आणि म्हणाली, “काका, आमची इमारत मला चालवायला द्या. पण फुकट नाही करणार. फुकटच्या कामाला कोणी हिशेब विचारत नाही.” आम्ही तिच्याकडे पाहतच राहिलो. तिने सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. ही पदविका-परीक्षा दिली होती. आम्ही कमिटीपुढे शब्द टाकला आणि कमिटीने जेमतेम मान्यता दिली.

पहिल्या महिन्यात तिने एक रुपयाही मागितला नाही. इमारतीत काय काय मोडले आहे आणि प्रत्येकाला खर्च किती, याची यादी जिन्यापाशी फळ्यावर लिहिली. दुसऱ्या महिन्यात जिन्यातले दिवे लावून घेतले. लहानसे काम, पण रोज रात्री सर्वांना दिसणारे. तिसऱ्या महिन्यापासून जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हे दर पहिल्या तारखेला त्याच फळ्यावर येऊ लागले. थकबाकीदारांची नावे मात्र तिने फळ्यावर कधी लिहिली नाहीत. ती त्यांच्या दारी गेली आणि “का भरत नाही?” असे न विचारता “पैसे हातात कोणत्या तारखेला येतात?” असे विचारले. घरकाम करणाऱ्या बायांना पाच-सात तारखेला मिळतात, कंत्राटी कामगाराला दहा-बारा तारखेला, भाजीवाल्याला रोज. तिने वर्गणी त्याप्रमाणे लावली, भाजीवाल्याची आठवड्याला. ऑक्टेव्हिया हिलचे नावही तिने ऐकलेले नव्हते.

विरोध झाला. तळमजल्यावरची मीटरची खोली एका दुकानदाराला गोदामासाठी द्यावी, असे एका सभासदाच्या मनात होते. तिने नकार दिला तेव्हा तिच्याविषयी नको ते बोलले गेले आणि वार्षिक सभेत तिला काढण्याचा ठराव आला. त्या सभेत इमारतीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. पंप सुरू असला की कोणाचे कंबरडे वाचते ते त्यांना ठाऊक होते. ठराव बारगळला. चौदा महिन्यांनी लिफ्ट चालू झाली. मागच्या वर्षांचे लेखापरीक्षण करून घेतल्यावर ठेवीच्या व्याजासाठी अर्ज करायला तोंड आले. आज ती तशा सहा इमारती सांभाळते आणि तिच्या हाताखाली दोन मुले शिकत आहेत.

सभागृहात तरुण मंडळी पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी थोडे तपशिलाने सांगतो. या पेशाला चार गोष्टी लागतात. पहिली हिशेब. आदर्श उपविधींत म्हटले आहे की, बांधकामखर्चाच्या पाव टक्का रक्कम दरसाल सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जमा व्हावी. एका खोलीचा बांधकामखर्च आठ लाख धरला तर वर्षाला दोन हजार आणि सहा हजार, म्हणजे महिन्याला साधारण ६६७ रुपये. ही रक्कम मोलकरणीच्या घराला पेलेल का, नसेल तर सरकारकडून, विकासकाकडून किंवा तळमजल्याच्या गाळ्यांच्या उत्पन्नातून किती भरून काढायची, हे ज्याला मांडता येईल तो व्यवस्थापक. दुसरी कायदा. १९६० चा सहकारी संस्था कायदा, त्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी घातलेले स्वतंत्र प्रकरण, भाडेनियंत्रण, झोपडपट्टी पुनर्वसनाचे नियम. तिसरी यंत्रे. पंप, लिफ्ट, वायरिंग यांतले इतके कळावे की मिस्त्री फसवू शकणार नाही. चौथी माणसे. ही पुस्तकात नाही. भांडणाऱ्या दोघांना एका बाकावर बसवता येणे, म्हातारीचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकणे आणि पाकीट पुढे सरकवणाऱ्याला चहा पाजून परत पाठवणे.

शिक्षणाची सोय आहे. सहकार खात्याच्या त्या पदविकेबरोबरच सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापनाची प्रमाणपत्र परीक्षा आहे. १९२६ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेची कचेरी आपल्या अंधेरीतच आहे. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत नगर व निवारा या विषयांचे शिक्षण मिळते. पण शाळेत जाण्यापूर्वी एक करा. आपल्याच इमारतीच्या कमिटीत सहा महिने फुकट हिशेब लिहा. मन रमले तर पुढे जा.

शेवटची शंका सांगून टाकतो, कारण ती आमच्याच कामगारांनी काढली. “गरिबाच्या डोक्यावर आणखी एका पगाराचा बोजा कशाला?” हिशेब असा आहे. शंभर-शंभर खोल्यांच्या सहा इमारतींनी मिळून एक व्यवस्थापक ठेवला आणि दर घराने साठ रुपये दिले, तर महिन्याला छत्तीस हजार होतात. सहा मजले पाण्याच्या कळशा चढवणाऱ्या बाईला साठ रुपये महाग पडत नाहीत, हे आम्ही त्या भांडुपच्या इमारतीत डोळ्यांनी पाहिले. मात्र जेथे साठही पेलत नाहीत तेथे ते सरकारने द्यावेत. जमिनीतून कोट्यवधी निघतात, त्यातून चालवण्याचा खर्चही निघाला पाहिजे. आणि युनियनवाला म्हणून एक बजावतो. हा व्यवस्थापक, त्याच्याबरोबरचा सफाई कामगार आणि पहारेकरी हेही कामगारच आहेत. त्यांना किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि साप्ताहिक सुट्टी देणे हा घर नीट चालवण्याचाच भाग आहे.

गेल्या दिवाळीत आम्ही नालासोपाऱ्याला वहिनींकडे गेलो होतो. फराळाचे पुढे ठेवून त्यांनी पहिले विचारले, “लिफ्ट चालू झाली का हो, भाऊजी?” आम्ही म्हटले, “झाली, वहिनी. केव्हाच झाली.” त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “बरे झाले. वरच्या म्हाताऱ्यांची सोय झाली.” त्यांचा आमच्यावर राग नव्हता, हेच आम्हांला अधिक लागले. निघताना आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्यांना ती कशाबद्दल हे कळले नाही. आम्हांलाही नीट सांगता आले नाही.

आज आपल्यासमोर ते सांगितले. उपनगरांत दर महिन्याला कोठे ना कोठे किल्ल्या वाटल्या जात आहेत. तशा एखाद्या समारंभाला आपण गेलात तर हार घालून घ्यावा, पेढाही खावा, पण व्यासपीठावरच्या माणसाला एक प्रश्न जरूर विचारावा, “उद्यापासून हे चालवणार कोण?” आणि त्याचे उत्तर द्यायला आपल्यापैकीच कोणाची मुलगी किंवा मुलगा उभा राहिला, तर त्याला नोकरी मिळत नाही म्हणून या कामाला लागला असे म्हणू नका.